लाकेरची भाषा

सुधाकर केळुसकर गेल्याची बातमी मला जेद्दाच्या शराफिया भागात, एका मसाल्याच्या दुकानात कळली. मी आमसुलं निवडत होते. कुडाळकडचा एक ओळखीचा वेल्डर मागून आला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरबाई, आपले सुधाकरभाऊ गेले. परवा सकाळी. घरीच." वाईट वाटलं, खूपच वाटलं... पण त्या "घरीच" शब्दापाशी मी थबकले, आणि आज काही महिन्यांनी कबूल करायला हरकत नाही, मला हायसंही वाटलं. चार वर्षांपूर्वी हाच माणूस याच शहरात, हॉस्पिटलच्या एका खाटेवर आमच्या हातून निसटत होता. जगला असता तरी भ्रमिष्ट ठरून जगला असता. तिथून तो परत आला, पुढे चार वर्षं मनासारखी जगला, आणि आपल्या गावी, आपल्या माणसांत गेला. मरणाच्या बातमीत याहून मोठा दिलासा काय असू शकतो, मला माहीत नाही.

मी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आणि केळुसकर तिथले बायोमेडिकल इंजिनियर, म्हणजे आमची सगळी यंत्रं चालती ठेवणारे गृहस्थ. राहायला आम्ही एकाच इमारतीत. मंदावहिनी आणि मी शुक्रवारी एकत्र मासे आणायला जायचो. त्यांची मुलगी ऋता इंडियन स्कूलमध्ये होती, आईने मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची आणि बापाला इंग्रजीत. बाप कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. यंत्र उघडायचं, कान देऊन ऐकायचं, "उद्या सुरू होईल" म्हणायचं, की संपलं. जन्म आफ्रिकेतला, एवढं आम्हाला माहीत होतं. वडील युगांडाच्या उत्तरेला गुलू नावाच्या गावी कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते, आणि तिथल्या हुकूमशहाने सगळ्या हिंदी लोकांना देशाबाहेर काढलं तेव्हा हे कुटुंब कुडाळला परतलं. सुधाकर तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यापुढे विचारलं की ते म्हणत, "लहान होतो हो, काही आठवत नाही."

एके दिवशी सकाळी डायलिसिसच्या खोलीत काम करता करता ते खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. जीव वाचला, पण शुद्धीवर आले ते काही भलतंच बोलत. मंदावहिनींकडे बघायचे, ओळखल्यासारखे डोळे भरायचे, आणि तोंडातून निघायचे ते शब्द ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. मेंदूविकाराचे डॉक्टर इजिप्तचे होते, मोठे सज्जन. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वाचेच्या केंद्राला इजा झाली आहे, अशा वेळी रुग्ण अर्थ नसलेले आवाज काढतो, आशा फार धरू नका. कचेरीतला माणूस तर दुसऱ्याच दिवशी इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, विचारायला आला. माणूस कामाचा राहिला नाही की कफील, म्हणजे त्याचा जामीनदार मालक, त्याला मायदेशी पाठवणार, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वहिनी मात्र खाटेपाशी बसून त्या आवाजात मराठी शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा केळुसकर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मीया पी... मीया पी..."

"बघा ना," वहिनी म्हणाल्या, "'मी' म्हणतायत, 'या' म्हणतायत, 'पी' म्हणतायत. अहो, कुणाला या म्हणू? मी पिऊ का? हे बघा, प्यायले." आणि खरंच त्यांनी बाटलीतलं पाणी त्यांच्यासमोर घटाघटा प्यायलं. ते बघून केळुसकरांनी जो चेहरा केला तो मी कधी विसरणार नाही. रडण्याच्याही पलीकडचा चेहरा. वहिनींनी बाटली खाली ठेवली आणि माझा हात धरून त्या रडत म्हणाल्या, "डॉक्टर, गेले हो हे. शरीर तेवढं ठेवून गेले."

शेजारच्या खाटेचं सलाईन बदलणारी नर्स तेवढ्यात वळली. अचिएंग तिचं नाव, केनियाची, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची. नवीनच या वॉर्डात आली होती. ती खाटेजवळ आली, वाकली, आणि इंग्रजीत मला म्हणाली, "ते पाणी मागतायत. 'मला पाणी दे' म्हणतायत. यांना माझी भाषा कुणी शिकवली?"

मग तिने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. केळुसकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून शब्दांचा लोंढा निघाला, अडखळत, वाकड्या ओठांतून, पण थांबायचं नाव नाही. अचिएंग कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मध्येच मान हलवायची, मध्येच हसायची. शेवटी म्हणाली, "ही माझी भाषा नाही. पण मला अर्धी कळते. शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखी. सरहद्दीपलीकडे, युगांडात, अचोली लोक असं बोलतात." आणि मंदावहिनींकडे वळून, "मॅडम, तुमचे मिस्टर शुद्धीत आहेत. ते विचारतायत, की ही बाई का रडते आहे?"

वहिनी तिथेच, फरशीवर, अबाया सावरत बसल्या आणि रडत रडत हसायला लागल्या. गिळता येतं का याची तपासणी व्हायची होती, त्यामुळे पाणी तेव्हा देता आलं नाही. अचिएंगने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. इजिप्शियन डॉक्टर धावत आले, त्यांनी अचिएंगमार्फत प्रश्न विचारले, नाव, गाव, बोटं किती, आणि उत्तरं बरोबर आली. "इतर भाषा सोडून हीच का टिकली ते मी नक्की सांगू शकणार नाही," ते मला म्हणाले, "पण ज्याला एक भाषा येते त्याचं मन शाबूत आहे. आता उपचार करण्यात अर्थ आहे." कचेरीतल्या माणसालाही त्यांनीच परत पाठवलं.

मराठी परत आली ती काही आठवड्यांनी. वहिनींनी चमच्याने चहा पाजला आणि केळुसकर स्वच्छ म्हणाले, "पांचट." नवऱ्याच्या तोंडची तक्रार ऐकून इतकी आनंदलेली बायको मी दुसरी पाहिली नाही. त्या इमारतभर सांगत सुटल्या, चहाला नाव ठेवलं म्हणून.

पुढे चांगलं बोलायला लागल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं. धाकट्या बहिणीच्या वेळी आई दीर्घ आजारी पडली, तेव्हा त्यांना लाकेर नावाच्या अचोली आयाने वाढवलं. भूक, झोप, राग, लाड, सगळं तिच्या भाषेत. मग देश सोडायचा हुकूम आला. अचोली लोकांवर त्या हुकूमशहाचा आधीपासूनच राग होता आणि रस्त्यात जागोजाग त्याचे सैनिक. निघताना वडिलांनी मुलाला बजावलं, "वाटेत या भाषेतला एक शब्द काढायचा नाही. सगळ्यांचा जीव जाईल." लाकेर दारात उभी होती आणि तिचा निरोपही त्यांनी तोंड मिटून, नुसत्या मानेने घेतला. "विमानतळापर्यंत गप्प राहिलो," केळुसकर म्हणाले, "कुडाळला आलो तरी गप्प. आता बोललास तर चालेल, हे सांगायचं बाबांच्या लक्षातच राहिलं नाही. आणि बोलणार तरी कुणाशी?" एवढा मोठा माणूस, पण हे सांगताना त्याने आधी दाराकडे पाहिलं होतं.

त्यानंतरचे केळुसकर निराळेच होते. हात पुरता सुधारला नाही पण जीभ सुटली. अचिएंगची ड्युटी संपली की हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिच्यासमोर बसायचे, मी आणि वहिनीही असायचो. ती म्हणायची 'धानो', हे म्हणायचे 'डानो', दोन्हीचा अर्थ माणूस. तिची 'धाको' यांची 'डाको', म्हणजे बाई. तिचा 'धोक' तो यांचा 'डोग', तोंड. मशीनचा बिघाड सापडल्यावर उजळायचा तसा चेहरा करून ते मला म्हणाले, "डॉक्टर, बघा, तिच्या जिभेवर जिथे ध येतो तिथे माझ्या जिभेवर ड. दर वेळी! आपला वाघ तो हिंदीत बाघ, आपले वीस ते बीस, आपला विंचू तो बिच्छू, तसं." आणि फसगतीही तशाच. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "पाणी हवंय का?" त्या 'हवं'साठी तिच्याकडे जो शब्द, त्याचा अचोलीत अर्थ शिकार करणं. "मला वाटलं ही बाई विचारतेय, पाण्याची शिकार करतोस का? म्हटलं, आपण मेलो बहुतेक, इथे असंच बोलत असतील." हिंदीवाला शिक्षा म्हणतो आणि मराठी माणूस दचकतो, त्यातलाच प्रकार.

ऋताने इंटरनेटवरून पानं छापून आणली. "पप्पा, इट्स कॉल्ड नायलोटिक," ती म्हणाली. नाईल नदीवरून पडलेलं नाव. एक जुनी भाषा, तिच्या तीन शाखा. पश्चिमेच्या शाखेत अचिएंगची लुओ आणि केळुसकरांची अचोली, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळ, आणि सुदानातली डिंका त्याच शाखेतली पण लांबची. पूर्वेच्या शाखेत मासाई आणि इतर, दक्षिणेच्या शाखेत केनियाच्या डोंगराळ भागातली कालेंजिन. स्वाहिली या घराण्यातलीच नाही, हे कळल्यावर मला उगाच आश्चर्य वाटलं. केनियातले सगळे एकच बोलतात अशी माझी समजूत होती, जशी इथल्या अनेकांची समजूत की आपण सगळे 'हिंदी' बोलतो.

मग एक कालेंजिन नर्स सापडली. केळुसकर मोठ्या उमेदीने तिच्याशी बोलायला गेले आणि हिरमुसून परतले. एक वाक्य कळेना. पण ते हार मानणारे नव्हते, दुसऱ्या दिवशी तिला एकेक शब्द विचारत बसले. पाणी? तिचं 'पेइ', यांचं 'पी'. दूध? तिचं 'चेगो', यांचं 'चाक'. गेटवरचा डिंका पहारेकरी पाण्याला 'पिऊ' म्हणाला आणि दुधाला 'चा'. केळुसकर त्या दिवशी घरी आले ते लिफ्टची वाट न बघता जिना चढून, आजारपणानंतर प्रथमच. "वाक्यं तुटली, पण पाणी तेच राहिलं हो!" ते म्हणाले. "हजारो वर्षांत कुणी नदीकाठी राहिलं, कुणी गुरं घेऊन डोंगरात गेलं. एकमेकांचं बोलणं कळेनासं झालं. तरी तहान लागली की तोंडात तेच."

मी गमतीने म्हटलं, "मराठीतही पी आहेच की. म्हणजे आपणही त्यांच्यातलेच?"

"नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तो योगायोग. एक शब्द जुळला म्हणून नातं होत नाही. रांगच्या रांग जुळावी लागते." मग वहिनींकडे पाहून हसले. "योगायोगाने हिने माझं पाणी पिऊन टाकलं."

लाकेरचा पत्ता मात्र लागला नाही. युगांडातून हजला आलेल्या यात्रेकरूंमध्ये त्यांनी चौकशा केल्या. उत्तरेत तेव्हा यादवी पेटलेली, गावंच्या गावं छावण्यांत गेलेली. गुलूकडचा एक म्हातारा भेटला, त्याच्याशी तासभर बोलून आले. तो लाकेरला ओळखत नव्हता. "पण त्याने मला विचारलं, तू कुणाच्या घरचा?" केळुसकर म्हणाले. "मी म्हटलं, लाकेरच्या. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही."

वहिनींनी त्याच सुमारास एक गोष्ट मनावर घेतली. "पुन्हा असं झालं तर मी नर्स शोधत फिरणार नाही," त्यांनी जाहीर केलं, आणि नवऱ्याकडून अचोली शिकायला लागल्या. सुरमई साफ करता करता, कपडे वाळत घालता घालता. उच्चार असले मालवणी, की अचिएंग पोट धरून हसायची. वर्षभराने फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा व्हिसा, घेऊन ते दोघं कुडाळला गेले, ऋता पुण्याला शिकायला. विमानतळावर केळुसकरांनी अचिएंगचा निरोप घेतला तो चांगला मोठ्याने, लांबलचक, भोवतालचे लोक बघत राहिले तरी. काय बोलले ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात रजेवर गेले तेव्हा कुडाळला जाऊन आले. वहिनी पडवीत बसल्या होत्या. थकलेल्या होत्या, पण खचलेल्या नव्हत्या. मी विचारण्याआधीच सांगू लागल्या. दुसरा झटका मोठा होता. मराठी लगेच गेली. गावातल्या डॉक्टरांनी नाडी बघून म्हटलं, बडबडतायत, भान राहिलेलं नाही. "मी म्हटलं, डॉक्टर, बडबड नाही ही. खिडकी उघडा म्हणतायत. उघडली खिडकी." दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलत होत्या, येतं तेवढं. उशी उंच हवी का, ऋता निघाली आहे, उद्या पोचेल. ऋता पोचली. तिलाही ओळखलं.

"शेवटच्या सकाळी," वहिनी म्हणाल्या, "डोळे मिटलेलेच होते. लाकेरला हाक मारली. लहान मूल मारतं ना, अंधारात जाग आल्यावर, तशी. दोनदा मारली."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"मी म्हटलं, 'आत्ये कान्य.'"

"म्हणजे?"

"मी इथे आहे." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "त्यांनी माझं बोट धरलं आणि झोपले. मग उठले नाहीत."

मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं का, शेवटी त्यांनी तुम्हाला लाकेर समजावं याचं?

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"कोण आहे ते मी कुठे सांगितलं?" त्या म्हणाल्या. "इथे आहे, एवढंच सांगितलं."