खिडकीमागचा पक्षी

घड्याळं दुरुस्त करणारे ते गृहस्थ आमच्या वाचनाला येऊ लागले, तेव्हा पहिले चार आठवडे अक्षरही बोलले नाहीत. कोपऱ्यात स्टुलावर बसायचे, ऐकायचे आणि उठून जायचे. मीही फारसा बोलत नाही, म्हणून बहुधा माझ्याशेजारी त्यांना बरं वाटत असावं.

दवाखाना शुक्रवारी दुपारी बंद असतो. त्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सातआठ जण जमतो आणि एकाच पुस्तकातली दोन-दोन पानं पाळीपाळीने मोठ्याने वाचतो. हे सुरू केलं निवृत्त नर्सबाईंनी. नियमही त्यांचाच. वाचण्याआधी त्या आठवड्यात बाहेर पाहिलेली एक गोष्ट सांगायची. झाड, ढग, मुंगी, काहीही. पाहिलं नसेल तर पुस्तक पुढच्याकडे. बेकरीवाल्या ताई पहाटेच्या आभाळाचे रंग सांगायच्या. मी एकदा गोगलगाय सांगितली होती.

घड्याळवाल्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचं कपाटच. दिवसभर एका डोळ्याला भिंग, दुसरा मिटलेला. मागे एक खिडकी होती, पण रंगाने चिकटून बसलेली. वाचायची मात्र त्यांना फार ओढ. बायको गेल्यापासून घरात आपला आवाजच ऐकला नव्हता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पाचव्या शुक्रवारी पुस्तक हातात आलं आणि ते म्हणाले, दुकानाच्या खिडकीमागे पाइपावर निळ्या पाठीच्या पक्ष्याने घरटं केलंय.

त्या दिवशी त्यांनी दोन पानं फार सुरेख वाचली. मग दर शुक्रवारी पक्ष्याची चौकशी होऊ लागली. अंडी झाली, पिल्लं झाली. एव्हाना आमच्या पावाएवढी झाली असतील, म्हणून ताई चिडवायच्या. मी त्या इमारतीच्या मागेच राहतो. तिथे पक्षी नाही हे मला ठाऊक होतं.

मग नर्सबाईंनी जाहीर केलं की डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर नजर राहील न राहील, म्हणून त्याआधी त्यांना ती पिल्लं बघायची आहेत. सगळेच जाऊ, रविवारी सकाळी.

बुधवारी मी घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो, तर त्यांच्या चिमट्यातून पिन तीनदा निसटली. मी मागेच राहतो, मला ठाऊक आहे म्हटलं, आणि पक्षी उडून गेला म्हणून सांगा, असं सुचवलं. तोही विचार त्यांनी करून पाहिला होता. पण रिकामं घरटं कुठून आणणार? जेवण जात नव्हतं, जिन्यात पाऊल वाजलं की दचकत होते.

"मला परत येऊ देणार नाहीत हो," ते म्हणाले. "तेवढी एकच खोली आहे मला."

रविवारी सहा जण त्या कपाटात शिरलो. ताईंनी पिल्लांसाठी पावाचा चुरा आणला होता. पक्षी बिचकू नये म्हणून सगळे कुजबुजत होते. घड्याळवाले सुरीने खिडकीचा रंग खरवडत होते आणि ती लवकर उघडत नव्हती. अखेर झडप करकरत उघडली. समोर ओली भिंत, पाइप, बाकी काही नाही.

"पक्षी नाही," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "कधीच नव्हता."

ताईंनी चुऱ्याची पुडी बांधली. नर्सबाई दाराकडे वळल्या.

"काठी टेकत तीन रस्ते चालत आले मी," एवढंच त्या बोलल्या आणि निघाल्या.

शुक्रवारी ते येणार नाहीत हे दिसतच होतं. मी कुणाला आणायला जाणारा माणूस नाही, पण गेलो. वाटेत ते दोनदा थांबले. आत दाराजवळच बसले, हाकलल्यावर उठायला सोपं म्हणून असेल. पुस्तक फिरत फिरत त्यांच्याकडे आलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"या आठवड्यात मी काहीच पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे केलं.

मी घेणार, तेवढ्यात नर्सबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

"त्यांच्याकडे नको. तुम्हीच वाचा."

घड्याळवाल्यांनी सुरुवात केली. पहिल्या ओळी माझ्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

"मोठ्याने," नर्सबाई म्हणाल्या. "डोळे उपाशी ठेवलेतच, आता कानांनाही ठेवता का?"