भाकऱ्या पिवळ्या डब्यात

“तोंड उघड. अजून. अजून!”

मी उघडलं. मोठी मॅडम बॅटरी मारून पोरांना माझा गाल दाखवत होती. पोरं म्हणजे शिकाऊ. कॅन्सर कशानं होतो, कसा वाढतो, ते शोधायला शिकणारी. पांढऱ्या डगल्यातली. मी स्टुलावर. डोक्यावरचा पदर मॅडमनं न विचारता मागं ओढला.

“हा मिसरीचा गाल. या बायका ऐकतच नाहीत. घाण सवय.”

एक पोरगा हसला. लाळ गळत होती माझी. पुसू दिली नाय.

जिथं माझी गालाची गाठ कापली, त्या दवाखान्यात मी पाहुणी म्हणून गेली होती. निरोप आला होता, नवीन पोरं आलीत, तुमाला भेटायचंय. मला वाटलं, माझ्या दुखण्यावर शिकणार म्हणजे घरचीच झाली की. आमच्यात रिकाम्या हातानं कोण जात नाय. पहाटे तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली. फडक्यात बांधून पार मुंबईला नेल्या.

एका पोरीनं घ्यायला हात पुढं केला. भुकेली असेल बिचारी.

“हात लावू नकोस! आधी हातमोजे घाल.”

पोरीनं हातमोजे घातले. फडक्यासकट भाकऱ्या पिवळ्या डब्यात. त्यात रक्ताचा कापूस होता.

शिवल्यानं कॅन्सर होत नाय, हे मला याच मॅडमनं सांगितलेलं. मग पोरीला लागणार काय होतं? ते मला ठाऊक आहे. लहानपणी आमाला विहिरीवर चढू देत नव्हते. वरून पाणी ओतायचे.

आणि मिसरी. हौसेनं लावली काय मी? लहान होती, भाताच्या आवणीला जायची दुसऱ्याच्या शेतावर. दुपारी भाकरी मागितली की शेतवाली हातावर चिमूटभर मिसरी टाकायची. “लाव गो, भूक मरते.” मरायची. आता गाल मेला. हे पोरांना कोण शिकवणार?

त्या दिवशी मी गप घरी आली. आतून जळत राहिली.

पुढं गाठ परत आली. पावसाळा सरल्यावर मॅडम आपणहून आमच्या वाडीवर आली. गाडी घेऊन, नवी पोरं घेऊन. माझ्या पहिल्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडं आहे. आता नवा पाहिजे, त्याच्यासाठी मी मुंबईला यायचं. नाय आली तर त्यांचं काम अर्धं राहतं. वाडीतल्या मिसरीवाल्या बायांचं रक्तपण तपासायला पाहिजे होतं. बाया अंगणात येऊन बसलेल्या.

“आजी, कशा आहात?”

आता आजी!

मी बोलली, “तुकडा देते. आधी त्या दिवशीची पोरं आण. त्यांच्यासमोर सांग, माझ्या भाकऱ्या का टाकल्यास?”

“अहो, नियम आहे. तिथं खायचं आणत नाहीत.”

“मग बाहेर ठेवा बोलायचं. हातमोजे कशाला?”

मॅडम बोलली, “तुमच्यामुळं उद्या कितीतरी जणी वाचतील.”

“मग बोल लवकर. तुझा गाल तर धड आहे.”

मागून शेजारीण फिसकन हसली. मॅडमचं तोंड लाल.

“तुमचा गैरसमज झालाय.”

“मग जा.”

बाया एकेक करून उठल्या. मी कोणाला ऊठ बोलली नव्हती. गाडी रिकाम्या नळ्या घेऊन घाटरस्त्याला लागली. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सून बोलते, “आत्या, यात लोकांचं नुकसान आहे.” आहे. ते मॅडमच्या माथी. तिनं पोरांसमोर खरं कारण सांगायचं होतं, एकच वाक्य. तिला ते मरणापेक्षा जड झालं.

माझा टाइम थोडा आहे. मी मेल्यावर ती परत येईल, तेव्हा सुनेनं हेच विचारायचं. सून नसली तर नातीनं. तोवर या वाडीतलं रक्ताचं टिपूस तिला मिळणार नाय.

आमाला वाट बघायची सवय आहे. तिला नाय.