सॉकेटची जागा

अनुसूयाची मराठी ऐकून पुण्याहून आलेले सहकारी हसू दाबत. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, घरात निम्मं बोलणं कन्नडमध्येच चाले. तिला त्याचं काही वाटत नसे. महादेवपुऱ्यातल्या त्या कंपनीत सर्किट बोर्ड आखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कंपनी नवजात बाळांचे कान तपासणारं एक छोटं यंत्र बनवत होती. आतला बोर्ड अनुसूयाचा, बाहेरचं केसिंग सुशांतचं. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी, बसायचे मजलेही वेगळे. ती बोर्डाचं थ्रीडी मॉडेल पाठवी, तो त्याभोवती केसिंग बेतत असे. त्याच्याकडून तिच्याकडे मात्र काही येत नसे.

केसिंगचा साचा बनवायचं काम पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाठवायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी अनुसूयाने सुशांतचं अखेरचं मॉडेल मागवलं आणि आपल्या बोर्डावर बसवून पाहिलं. चार्जिंगचं सॉकेट एकीकडे, केसिंगचं भोक दुसरीकडे! ती तडक खाली गेली.

"सुशांत, सॉकेटची जागा कुणी हलवली?"

"मीच, अक्का. सॉकेट बॅटरीला घासत होतं. मीटिंगमध्ये बोललो होतो की."

"मीटिंगमध्ये बोललेलं माझ्या बोर्डात येत नाही रे."

सुशांतचा चेहरा उतरला. मॅनेजर बिंदुमाधव धावत आले. "अजून बोर्ड कुठे छापलेत? तुम्हीच सॉकेट सरकवा ना. साचा उद्या जायलाच हवा."

"तिथून कानातला आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनची लाइन जाते, सर. नर्स चार्जर लावूनच मशीन चालवणार. त्याची खरखर लाइनमध्ये शिरली, की धडधाकट कानाचं बाळही तपासणीत नापास होईल. त्या आईचं काय?"

"म्हणजे साचा थांबवायचा?"

"थांबवायचा."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की बिंदुमाधवांनी तिथूनच कारखान्याला फोन लावला.

मग तिने आपला लॅपटॉप सुशांतच्या टेबलावर आणून ठेवला. "सरी, ठीक आहे, आता तू स्वल्प सरक, मी स्वल्प सरकते." त्याने बॅटरीचा कप्पा थोडा वळवला आणि मॉडेल पाठवलं. तिने ते उघडून सॉकेट हलवलं आणि परत पाठवलं. एकदा स्क्रू आडवा आला, एकदा एक उंच कपॅसिटर झाकणाला टेकला. सुशांत वैतागला, की ती म्हणे, "स्क्रीनवर टेकतोय तोवर बरं आहे." दुपारी जेवायलाही कुणी उठलं नाही. शेवटी कोपऱ्याजवळ एक जागा सापडली. तिथे मायक्रोफोनची लाइन लांब राहत होती आणि बॅटरीही घासत नव्हती. ती जागा दोघांपैकी कुणालाच एकट्याला सुचली नसती.

साचा आठवडाभर उशिरा गेला. त्याआधी थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं केसिंग सुशांतने बोर्डावर दाबलं, आणि ते टक्‌ करून बसलं. "अक्का, बसलं!" तो ओरडला, तशी आजूबाजूची माणसं उठून बघायला आली.

पुढच्या यंत्राचं काम निघालं तेव्हा बिंदुमाधवांनी अनुसूयाला विचारलं, "या वेळी काय हवंय तुम्हाला?"

"सुशांतचं टेबल माझ्या शेजारी," ती म्हणाली. "आणि बदल केवढाही असो, तो मॉडेलमधूनच यायचा. त्याचा बदल मी हो म्हटल्याशिवाय पक्का नाही, आणि माझाही त्याने हो म्हटल्याशिवाय नाही."

सोमवारी सुशांतचं टेबल वरच्या मजल्यावर आलं.