रोज्याची खिचडी

रोजा धरलेल्या बाईला मी भर दुपारी साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली होती. एकदा नव्हे, पंधरा दिवसांत निदान दहा वेळा. वर बजावूनही येत असे, की थंड झाली की चामट होते, लगेच खा. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात आणि म्हणतात, आजी, तू मास्तरीण होतीस ना? होते की. म्हणून तर एवढा आत्मविश्वास होता. साध्या बाईनं निदान विचारलं असतं.

ही गोष्ट नव्वदीतली, दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधली. आमचे हे पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे, आणि मी डी.एड. करून उशिरा नोकरीला लागलेली, वय तिशीच्या पुढचं. मुलांचं शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून त्यांना न्हावऱ्याला सासूबाईंजवळ ठेवलं होतं. माझी शाळा सकाळची. साडेबाराला घरी यायचं आणि त्यानंतर दिवस नुसता अंगावर यायचा. यांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरात असले तर झोपलेले. रुळांवरून डबे एकमेकांना धडका देत जोडले जायचे, तेवढाच काय तो आवाज.

शेजारच्या क्वार्टरमध्ये भाभी राहायची. तिचा नवरा मालगाडीवर गार्ड, दोन-दोन दिवस बाहेर. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला. भाभी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, नाकात खडा, बोलायला आमच्यासारखीच, फक्त मधूनच हिंदी टाकायची. मला 'बाई' म्हणायची, कारण मी शाळेतली बाई. पहिल्याच आठवड्यात मी मोरीपाशी बसून मुलांच्या आठवणीनं रडत होते, ते तिला भिंतीपलीकडून ऐकू गेलं. ती आली, काही विचारलं नाही, माझ्या पुढ्यातली मेथी ओढून घेतली आणि निवडत बसली. तेव्हापासून माझी दुपार तिच्या दारात.

त्या वर्षी रोजे जानेवारीत आले. भाभीनं सांगितलं, "बाई, आता म्हयनाभर माझा रोजा." मी मनात म्हटलं, बापरे, महिनाभर उपास. आमच्याकडं उपास म्हणजे काय, तर त्या दिवशी कोणते पदार्थ चालतात याची यादी. माझ्या माहेरी तर धर्म म्हणजे कोणत्या वाराला काय खायचं नाही एवढंच होतं. बाकीचं देव बघून घ्यायचा. भाभी एकटी, तिला उपासाचं कोण करून घालणार? दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती पदर खोचूनच. साबुदाणा रात्रीच भिजवला होता. दाण्याचं कूट, बटाटा, जिरं, हिरवी मिरची. हळद नाही, कोथिंबीर नाही, कारण ती काहींना चालते, काहींना चालत नाही आणि मला भाभीचं ठाऊक नव्हतं. बघा केवढी काळजी. कोथिंबिरीपर्यंत विचार केला, पाण्यापर्यंत गेलाच नाही.

तिनं दार उघडलं, ताटली बघितली, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बाई, मेरा रोजा हाय."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. म्हणून तर उपासाचंच केलंय."

तिनं पदराला हात पुसले. मग दोन्ही हातांनी ताटली घेतली, आत नेऊन ठेवली, वर दुसरी ताटली झाकली. नंतर खाते म्हणाली. मी उंबऱ्यावर बसले. तिनं मला चहा करून दिला. तो अगोड होता. दुसऱ्या दिवशी इतका गोड, की घशात चिकटला. मी तिची चेष्टा केली, भाभी, उपासानं डोकं फिरलंय तुमचं, साखरेचा अंदाज गेला. ती हसली. ज्या बाईच्या जिभेला पहाटेपासून पाणी नाही, तिनं माझ्यासाठी चहा करायचा, तो चाखून बघायची सोय नाही, आणि मी मास्तरीणबाई फुर्र फुर्र ओढत त्यातल्या चुका काढतेय. त्या बयेला आज कुठं गाठता आलं तर दोन द्याव्यात असं वाटतं.

मग मला हुरूपच चढला. कधी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, कधी उकडलेली रताळी. माझे स्वतःचे सोमवार-गुरुवार असायचे, त्या दिवशी तर दोघींचं एकदमच. भाभी कधी माझ्यासमोर खायची नाही. मला वाटायचं, लाजते.

त्या दुपारींमध्ये आम्ही पुष्कळ बोललो. तिच्या घरात सगळ्यात उंच फळीवर, रेशमी कापडात गुंडाळलेलं कुराण होतं. हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ते ती खाली काढायची आणि बोट फिरवत हलक्या आवाजात वाचायची. मी विचारलं, अर्थ कळतो का? ती म्हणाली, समदा कुठं कळतोय, उस्तादनं शिकवलं तेवढा. मी म्हटलं, आमच्या श्रावणातल्या पोथीचंही तसंच, निम्मी संस्कृत, निम्मी झोप. ती खळखळून हसली आणि मग पुस्तक पुढ्यात असताना हसलो म्हणून जीभ चावली. पाळीच्या दिवसांत तीही पुस्तकाला हात लावायची नाही आणि मीही देवाला. हे कळल्यावर आम्हाला एवढं नवल वाटलं, की जणू दोघींची माहेरं एकाच गावात निघाली.

सव्वीस जानेवारी जवळ आली आणि शाळेत त्या दिवशीच्या प्रदर्शनासाठी मला तक्ता करायला सांगितला. विषय, जगातले प्रमुख धर्म. मी ड्रॉइंग शीट आणलं, पट्टीनं रकाने आखले. धर्म, देव, ग्रंथ, प्रार्थनेची जागा, आणि शेवटचा रकाना माझ्या मनचा: उपासाला काय चालतं. हिंदूंचा तो रकाना एवढा भरला, की खाली कागद चिकटवावा लागला. जैनांसाठी किराणा दुकानदाराच्या बायकोला विचारलं. पाणी उकळलेलं आणि खाणं दिवस मावळायच्या आत. ख्रिश्चनांसाठी दवाखान्यातल्या सिस्टरला. ती म्हणाली, ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आम्ही जमेल ते सोडतो, कुणी मटण, कुणी गोड. मुसलमानांसाठी कुणाला विचारायची गरजच नव्हती. ठसठशीत हिरव्या स्केचपेननं लिहिलं: रोजा. चालणारे पदार्थ: साबुदाणा, वरई, रताळी.

आमच्या शाळेत शिरूरकडचे एक वयस्कर गुरुजी होते, बौद्ध. तक्ता भिंतीला लावायच्या आधी त्यांना दाखवला. त्यांनी पहिल्यांदा त्यांच्याच ओळीवर बोट ठेवलं. 'देव' या रकान्यात मी बुद्धांचं नाव लिहिलं होतं. म्हणाले, हा खाना रिकामा ठेवा. मी म्हटलं, गुरुजी, रिकामा कसा ठेवू, तपासणीला येणाऱ्या साहेबांना वाटेल पाठ झालं नाही. ते म्हणाले, त्यांना वाटू द्या. बुद्ध माणूस होते, वाट दाखवणारे. तिथं एक रेघ मारा. मी मारली. मग त्यांचं बोट हिरव्या अक्षरांवर आलं आणि थांबलं.

"रोज्याला साबुदाणा? हे कुणी सांगितलं?"

"आमची शेजारीण खाते की."

"तुम्ही बघितलंय खाताना?"

"नाही, ती झाकून ठेवते," मी म्हटलं. गुरुजींचं बालपण शिरूरला मशिदीच्या मागच्या गल्लीत गेलेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, पहाटे अंधारात सहरीचं खाणं, मग मनाशी निश्चय, आणि दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, की खजूर आणि पाणी. त्यात पदार्थाचा प्रश्नच येत नाही, बाई. खायचंच नाही, तर काय चालतं हे कशाला विचारायचं?

हिरवा रकाना खोडला. पण मला दिसत होता तो झाकलेल्या ताटल्यांचा ढीग, अगोड चहा, आणि "लगेच खा" म्हणणारी मी. गुरुजी तेवढ्यावर सोडून मोकळे झाले. शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ जाऊन भाभीचे पाय धरले असते, दोघी हसलो असतो, विषय संपला असता. मी काय केलं? जायचंच बंद केलं. शाळेतून मागच्या रस्त्यानं यायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. तिनं हाक मारली तर पेपर तपासतेय म्हणायचे. पहिलीच्या पोरांचे कसले पेपर? पुढचे पंधरा दिवस असेच काढले. ईदेच्या दिवशी दारावर कडी वाजली, तेव्हा मी स्वयंपाकघरात श्वास धरून बसले, आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, काल मी न्हावऱ्याला गेले होते. ती "अच्छा" म्हणाली. त्या 'अच्छा'नंतर आमच्यात नुसतं पाण्याचं, भाजीचं बोलणं उरलं. भाभी तिच्या दारात, मी माझ्या. मला लाज वाटत होती तिच्या चांगुलपणाची, आणि तिला काय वाटत होतं, हे मी विचारलं नाही.

मे महिन्यात भाभीच्या नवऱ्याची वाडी जंक्शनला बदली झाल्याचं मला यांच्याकडून कळलं.

पुढं मुलं दौंडला आली, मग आमचीही बदली, मग निवृत्ती, आणि आता पुन्हा न्हावऱ्यात. मधे कधीतरी एकदा हैदराबादला जाताना वाडीला गाडी थांबली. मी प्लॅटफॉर्मवर उतरून नाकात खडा असलेल्या प्रत्येक बाईकडं बघत फिरले. यांनी ओढून आत घेतलं म्हणून गाडी चुकली नाही. गार्डसाहेब कधीच रिटायर झाले असणार, कुठं गेले असणार, कोण सांगेल. अजूनही रोज्यांचा महिना लागला, की दुपारी साडेबाराच्या सुमाराला मला कुठंतरी जायचं राहिलंय असं वाटतं. घरात सुना आहेत, नातवंडं आहेत, टीव्ही आहे. पण माझ्या पुढ्यातली मेथी न विचारता ओढून घेणारं कुणी नाही.

दौंडहून भाभीचं सामान गेलं त्या दिवशीही मी घरातच घोटाळत होते. हे बूट घालता घालता म्हणाले, "येणारेस, का आजबी तुला न्हावऱ्याला गेली म्हणून सांगू?" तेव्हा कुठं चप्पल पायात सरकवली आणि स्टेशनाकडं धावले.

भाभी खिडकीशी बसली होती. गाडी सुटायला पाच मिनिटं. उन्हानं गज तापलेले, तरी मी ते धरले. सगळं पाठ करून गेले होते, निघालं एवढंच, की भाभी, माझं चुकलं, मला रोज्याचं काही ठाऊक नव्हतं, ती खिचडी...

तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली:

"खिचडीचं सोडा, बाई. ती आमी मगरिबला खात होतो, आमचे साहेबबी मागून खायचे. पर ईदीला मी शीरखुर्मा घेऊन तुमच्या दारात आले, तवा तुमी न्हावऱ्याला, आन् आत कुकर शिट्ट्या मारतोय. चार शिट्ट्या होईस्तवर मी थितंच हुबी होते."