लातूरच्या बरणीतला कंदीलमासा

जिल्हा नवा झाल्यानंतरच्या दुष्काळात, चैत्रातल्या एका सोमवारी, लातूरच्या आमच्या मत्स्य कार्यालयाला रोजचं दोनशे लिटर पाणी मंजूर झालं. हजर तिघं: मी, म्हणजे तिथला एकमेव कारकून, शिपाई मावशी, आणि बरणीतला कंदीलमासा.

हा मासा किनाऱ्यावरच्या एका कार्यालयाने नव्या जिल्ह्याला भेट धाडला होता. बोटाएवढा, फॉर्मलीनमध्ये, मेलेला. पोटावर बारीक ठिपक्यांच्या ओळी; जिवंतपणी त्या उजेड देतात. दिवसा तो समुद्रात शेकडो मीटर खोल राहतो आणि अंधार पडला की बारीकसारीक जीव खायला वर येतो. आमच्या बोअरचं पाणीही खोल गेलं होतं. फरक इतकाच, की ते रात्रीही वर येत नव्हतं.

वरून या माशाच्या आढळाचा तालुकावार तक्ता मागवला गेला. 'अरबी समुद्र' लिहायला रकाना नव्हता. मी लिहिलं: निलंगा निरंक, उदगीर निरंक, औसा निरंक. पाण्याच्या अर्जात 'मासे किती?' असं होतं. मी लिहिलं, एक. जिवंत की मेलेला, हे कुणी विचारलं नव्हतं.

टँकर सुरू झाला. मावशींची लेक नुकतीच बाळंत झाली होती आणि त्यांच्या गल्लीतला नळ कोरडा होता. पाणी तिकडे जाई. मी वहीत रोज मांडत असे: मासा निरंक, मावशी दोनशे. वही कुणी उघडली नाही.

महिन्याने तपासणीला साहेब आले. बरणीवर टिचकी मारून म्हणाले, "हलत का नाही हा?"

"दिवसा निजतोय, सायब," मावशी म्हणाल्या. "रातीला वर येतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तो मेलेलाच आला होता."

"भाऊसाहेब, बाळंतिणीचं पाणी तोडायलाव की तुमी!" मावशी माझ्यावर उखडल्या.

साहेबांनी पेन काढलं. "मासे शून्य. पाणी बंद."

"लिहा सर. पण साठ्याच्या नोंदवहीत एक आहे. शून्य केलं की मासा गेला कुठे, याची चौकशी लागेल."

"कुणाची?"

"ज्यांची सही शेवटची, त्यांची."

पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: 'मासे एक. प्रकृती स्थिर. पाणी चालू ठेवावे.'

निघताना त्यांची जीप तापली. त्या दिवशीचं वाटप असं: रेडिएटरला दहा लिटर, साहेबांना प्यायला एक तांब्या, बाकी सगळं बाळंतिणीला. मासा निरंक.