आशीर्वादाला न थांबणारी काकू

आमची काकू थोरामोठ्यांच्या पाया पडायची, पण आशीर्वाद ऐकायला थांबायची नाही. समोरची म्हातारी ‘अष्टपुत्रा’ म्हणेपर्यंत ही स्वयंपाकघरात पोचलेली असायची. तिशी उलटायच्या आत सात मुलं झाली होती. "देवानं लई मनावर घेतलंय की माझं," म्हणायची.

सोलापुरात काका गिरणीत कारकून होते. घरात वाचता येणारी बाई काकू एकटीच. परातीत पीठ पसरून तिनं मला अक्षरं गिरवायला लावली, मग हट्टानं शाळेत घातलं. श्रावणात ती पोथी वाचायची आणि आजी हात जोडून ऐकायची.

सातव्या बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठवं जिवावर बेतेल. पाळणा कसा थांबवावा, याची एक बारकी चोपडी त्यांनी तिला दिली. काकूनं ती पोथीच्या तांबड्या फडक्यात ठेवली. ते फडकं तिच्याखेरीज कुणी सोडत नसे.

एकदा ऐन श्रावणात काकू बाहेरची झाली, मागच्या पडवीत बसली. पोथीत खंड नको म्हणून आजीनं मला अंघोळ घालून पाटावर बसवलं. फडकं सोडलं तर वरच चोपडी. अक्षर छापील, सोपं. मी खणखणीत वाचायला लागले. पडवीतून काकू "थांब गं, थांब" म्हणत होती. तिला आत पाऊल टाकता येत नव्हतं. मला वाटलं, माझं चुकतंय, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचलं.

दीड पान झाल्यावर आजीनं चोपडी ओढून चुलीत घातली.

"देवाचं देणं जड झालं व्हय तुला? आन् ह्या पोरीची शाळा उद्यापासनं बंद."

"तिची शाळा राहू द्या," काकू पडवीतूनच म्हणाली. "मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं जाणार नाही."

काका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि प्यायला पाणी मागितलं. माझी शाळा अशी टिकली.

चौथ्या दिवशी न्हाऊन आत आल्यावर काकू मला म्हणाली, "चांगलं वाचलंस. कुठं अडखळली नाहीस." या शब्दांचा मला अजून राग येतो. त्यापेक्षा तिनं मला बडवायला हवं होतं.

पुढच्या वर्षी आठव्या बाळंतपणात काकू गेली, मूलही गेलं. हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून तिला अंगणात ठेवलं. गल्लीतल्या बायका एकेक करून तिच्या पाया पडल्या. "लेकुरवाळी गेली, सवाष्ण गेली, लई भाग्याची," म्हणाल्या. सगळ्या अगदी सावकाश बोलत होत्या. काकूला आता स्वयंपाकघरात निघून जाता येत नव्हतं.