न हरवलेले तीन कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्या शेजारी बसून हा सगळा उद्योग केला त्या वंदनालाही नाही. तिला तर आजही वाटतं की रिपोर्टातलं माझं ते प्रकरण म्हणजे आमच्या प्रोजेक्टची शान होती. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

गोष्ट ऐकायला तशी क्षुल्लक वाटेल. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. कॉलेजातल्या एका पोरीनं रिपोर्टात दोन ओळी खोट्या लिहिल्या — त्यात काय एवढं? कोण लिहीत नाही? मीही स्वतःला बरीच वर्षं असंच समजावत आले. समजावून झालं की थोडे दिवस बरे जायचे.

तर — दोन हजार सालाच्या आगेमागे मी वर्ध्याला कॉम्प्युटरच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. घर देवळीला, बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान, रोज एस.टी.नं जाणं-येणं. शेवटच्या सहामाहीत प्रोजेक्ट असायचा. एखादी खरीखुरी संस्था गाठायची, तिथलं काम कसं चालतं ते पाहायचं, त्याचा आराखडा कागदावर मांडायचा आणि मग त्याबरहुकूम प्रोग्राम लिहायचा. वंदनाचं डोकं प्रोग्रामात चाले, माझं लिहिण्यात. म्हणून वाटणी सरळ झाली — प्रोग्राम तिचा, कागदपत्रं माझी. पाहणी, नियोजन, डिझाइन, आकृत्या, सगळी प्रकरणं.

आता त्या कागदपत्रांत थापा असतातच, हे मान्य करून टाकते. आमच्या नियोजनाचा तक्ता मी प्रोग्राम पूर्ण झाल्यावर काढला. वरातीमागून घोडं! त्यात ‘पाहणी — तीन आठवडे’ असा मोठा सुबक पट्टा आहे. आम्ही गेलो होतो चार दिवस, आणि त्यातला एक पोहे खाण्यात गेला. सगळेच असं करायचे, सरांनाही ते ठाऊक असायचं. पण त्या थापांना कुणी माणूस चिकटलेला नव्हता. माझ्या दुसऱ्या थापेला होता.

त्यांना मी शामरावकाका म्हणायचे. आमच्या गावात व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे केसपेपरच्या खिडकीवर ते बसत. वडिलांनी शब्द टाकला म्हणून दवाखान्याच्या सेक्रेटरींनी — सगळे त्यांना शेटजी म्हणत — आम्हाला प्रोजेक्टसाठी परवानगी दिली. चार दिवस मी शामरावकाकांच्या मागे स्टुलावर बसून त्यांचं काम पाहिलं. काय काम होतं ते! हजारो कागद, पण नंबर नाही, एबीसीडी नाही. प्रत्येक गावाचा एक गठ्ठा, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. गावात आळीवार, आळीत घरवार. कारण एकेका गावात पाच-पाच गणपत असतात, आणि कुठल्या गणपतला आपला नंबर लक्षात राहतो? माणूस खिडकीशी आला की काका विचारायचे, “कोन्या गावचा रे बाप्पा? घर कोनाच्या बाजूले?” — आणि पुढचं वाक्य होईपर्यंत कागद हातात.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या बायकांसाठी तर त्यांची वेगळीच युक्ती होती. मूळ कागद सासरच्या गावात. माहेरच्या गठ्ठ्यात, बापाच्या घराच्या जागी, एक चिठ्ठी — ‘हिचा कागद अमुक गावात पाहा’. ही युक्ती मी जशीच्या तशी आमच्या डिझाइनमध्ये उचलली. बाहेरून आलेले परीक्षक पुढे तेवढ्याच रकान्यावर खूष झाले, आणि ही कल्पना आमचीच, असं मी मान ताठ ठेवून सांगितलं. पण तो कबुलीतला लहान भाग झाला. मी अजून मोठ्याकडे आलेलेच नाही. येते.

रिपोर्टात एक प्रकरण ठरलेलं असे: ‘सध्याची पद्धत आणि तिच्यातले दोष’. मी पहिल्यांदा जे लिहिलं ते अर्धं पान होतं, आणि खरं होतं. पद्धत चांगली चालते, कागद चटकन सापडतो, अडचण एवढीच की हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे. आमच्या सरांनी त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. “दोषच नसतील तर तुमची सिस्टीम कशाला हवी?” ते म्हणाले, आणि वर आकडे टाकायला सांगितलं.

त्यांनी खोटं लिही असं सांगितलं नव्हतं. हे मला स्पष्ट सांगायला हवं, कारण मनात मी ते पुष्कळदा त्यांच्यावर ढकलून पाहिलंय. मी पुन्हा दवाखान्यात जाऊ शकले असते. चार तास बसून खरंच मोजता आलं असतं. गेले नाही. सीनियरांच्या जुन्या फायलीतून दोषांची यादी घेतली — नोंदी हरवतात, वेळ लागतो, चुका होतात — आणि आकडा मनानंच बसवला: ‘पाहणीत वीस रुग्णांचे कागद मागवले असता तीन सापडले नाहीत.’ विसातले वीस सापडले होते म्हणायचीसुद्धा सोय नाही, कारण असे वीस मी कधी मागवलेच नव्हते. मग तीनच का? पाच जास्त वाटले, एक कमी वाटला.

काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं आली. एक प्रत कॉलेजला, एक आम्हाला, एक रीतीप्रमाणे संस्थेला भेट. आम्हाला वाटलं, ती कपाटात जाईल. कुठल्या संस्थेनं आजवर विद्यार्थ्यांचा रिपोर्ट वाचलाय?

शेटजींनी वाचला. सगळा नाही — आकृत्या, तक्ते त्यांना काय कळणार? पण ते दोषांचं पान त्यांनी बरोबर वाचलं. तोंडी परीक्षेला दोन दिवस होते. प्रोजेक्ट इथेच केला असं प्रमाणपत्र त्यांच्या सहीचं हवं होतं, ते न्यायला मी एकटीच गेले. प्रमाणपत्र टेबलावर होतं, पेन उघडं होतं आणि शामरावकाका भिंतीशी उभे होते. शेटजींनी पानावर बोट ठेवलं. “बेटा, तीन कागद सापडले नाई असं लिवलं तू. खरं हाये का हे?”

आवाजात राग नव्हता. ते खरोखर विचारत होते. मी नाही म्हटलं असतं तर? फार तर ओरडले असते, वडिलांच्या कानावर गेलं असतं, ते पान बदलावं लागलं असतं. मी सगळं तोलून पाहिलं — हो, एवढ्याशा वेळात माणूस बरंच तोलतो — आणि म्हणाले, “हो. पाहणीत तसं आढळलं.”

काकांनी वाद घातला नाही. माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, “कोनाचे होते बेटा? नाव सांग फक्त, मी आत्ता काढून देतो.”

मी म्हणाले, नावं लिहून घेतली नाहीत.

“गाव तरी?”

आठवत नाही, म्हणाले. शेटजींनी सही केली. मी प्रमाणपत्र घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला — काकांनाही — आणि बाहेर पडले. परीक्षेत आम्ही कॉलेजात दुसऱ्या आलो. घरी पेढे वाटले. दवाखान्यातही वाटले असावेत, आई तशी कुणाला विसरत नाही.

महिनाभरात काकांना खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत औषधाच्या बाटल्या धुण्या-भरण्यावर बसवलं. पगार तोच ठेवला; शेटजी वाईट माणूस नव्हते. खिडकीवर शेटजींचे भाचे बसले, समोर कॉम्प्युटर, त्यात आमचा प्रोग्राम. नंबर सांगा, म्हणायचे. नंबराची चिठ्ठी लोक घरी विसरत, लुगड्याच्या गाठीत भिजवून आणत. वीज नसली की सगळंच ठप्प. मग कागद खरोखर हरवू लागले. मी कल्पनेनं लिहिलेले सगळे दोष एकेक करून खरे झाले, पण काकांना परत खिडकीवर बसवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. कागद हरवणारा माणूस असा शिक्का बसला होता ना त्यांच्यावर!

मी तोवर नोकरीला नागपूरला गेले होते. आई फोनवर गावच्या गप्पा सांगायची, त्यात एकदा सहज म्हणाली, “तो शामराव येडा झाला वाट्टे. सुट्टीच्या दिवशी पन दवाखान्यात जाते, जुने गठ्ठे सोडून बसते. काय हुडकून राह्यला कोनाले मालूम.”

मला मालूम होतं. मी आईला कापसाचा भाव विचारला.

आठेक वर्षं गेली. एका लग्नाला देवळीला आले होते. परत जायला सकाळच्या वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायला गेलेले. खालून कुणीतरी काच वाजवली. शामरावकाका. रिटायर झालेले, दाढी पांढरी, पण ओळखलं मी लगेच. उतरून पळावं असं वाटलं, पण दाराशी तेच आले असते. मी काच सरकवली.

“बेटा, तुले सांगाचं राह्यलं होतं,” ते म्हणाले. इतके खूष होते! “एक सापडला. तुया तीनातला. दोन कागद एकमेकाले चिपकले होते, मंग मले दिसन कसा?” पाच वर्षं लागली म्हणाले. बाकीचे दोन राहिलेत. भाचे अधूनमधून आत जाऊ देतात, तेव्हा एकेक गाव घेऊन बघतात. मी मान हलवत राहिले. दुसरं काय करणार होते?

मग ते जरा घुटमळले. खिडकीच्या गजाला धरून, आवाज खाली आणून म्हणाले, “एक बोलाचं होतं. तवा मले वाटलं, पोरगी खोटं लिवून राह्यली. लय राग धरला मी मनात तुया. बायकोजवळ वाईटसाईट बोललो. कागद सापडला तवा समजलं, पोरगी खरी होती. माफ करजो बेटा.”

कंडक्टर अजून टपरीवरच होता. बस भरली नव्हती. शेजारी कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरे होतं, आणि त्यांचे दोन कागद तिथल्या तिथे मिळाले असते.

“असू द्या, काका,” मी म्हणाले.

मी त्यांना माफ केलं.